रक्तदाब : घाई नको, विसरही नको

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत रक्तदाबावर लिहिण्याचा अधिकार वस्तुतः फिजिशियन किंवा हृदयरोगतज्ज्ञ यांचा. बालरोगतज्ज्ञाने या प्रांतात पाऊल टाकणे काही वाचकांना आगंतुकपणाचे वाटेल. तथापि एक जुना दाखला माझ्या मदतीला आहे. दंडाभोवती पट्टा गुंडाळून, त्यात हवा भरून रक्तदाब मोजण्याची पद्धत १८९६ साली इटलीतील डॉ. स्किपिओने रिव्हा-रोच्ची यांनी प्रसिद्ध केली. हेच गृहस्थ पुढे पाव्हिया विद्यापीठात बालरोगशास्त्र शिकवीत असत. त्यांचा पट्टा मात्र अरुंद होता, जेमतेम पाच सेंटिमीटरचा. अरुंद पट्ट्यामुळे दाब खोटाच जास्त येतो, ही गोष्ट १९०१ मध्ये जर्मनीच्या फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी दाखवून दिली आणि पट्टा रुंद झाला. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. सव्वाशे वर्षांपूर्वी ध्यानात आलेली पट्ट्याची ही चूक आजही आपल्या दवाखान्यांत रोज होते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अतिउच्च रक्तदाबाच्या बाबतीत आपण दोन परस्परविरुद्ध चुका एकाच वेळी करीत आहोत. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत आपण यंत्रावरचा आकडा पाहून घाबरतो आणि तो घाईघाईने खाली ओढतो. लहान मुलाच्या बाबतीत तो आकडा पाहण्याचेच विसरतो. पहिल्या चुकीत उपचाराने इजा होते, दुसरीत उपचाराअभावी. दोन्हींचे मूळ एकच : आपण रुग्ण आणि आकडा यांची सांगड घालीत नाही.

आणीबाणी कशाला म्हणावे?

१८०/१२० हा आकडा आता सामान्य वाचकांच्याही परिचयाचा झाला आहे. त्याच्या वर दाब गेला की आणीबाणी, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. या आकड्यापलीकडे गेलेल्या दाबामुळे मेंदू, हृदय, महाधमनी, मूत्रपिंड किंवा डोळ्याचा पडदा यांपैकी एखाद्या अवयवाला त्या क्षणी इजा होत असेल, तरच तिला खऱ्या अर्थाने आणीबाणी म्हणायचे. बोलण्यात गोंधळ, झटके, अचानक अंधुक झालेली दृष्टी, छातीत कळ, फुप्फुसात पाणी भरल्याने लागलेली धाप, पाठीत चिरत गेल्यासारखी वेदना, लघवीचे प्रमाण एकाएकी घटणे ही तिची लक्षणे. असा रुग्ण अतिदक्षता विभागातच हवा. त्याला शिरेवाटे औषध हवे, आणि त्याचा दाब मिनिटामिनिटाला मोजला जायला हवा.

याउलट दाब २००/११० आहे, पण माणूस खुर्चीत बसून आपल्याशी नीट बोलतो आहे, लघवी व नेत्रपटल तपासले तर निर्दोष आहेत, ईसीजीत नवे काही नाही, तर ती आणीबाणी नव्हे. अशा रुग्णांसाठी ‘हायपरटेन्सिव्ह अर्जन्सी’ असा एक शब्द आपण शिकलो होतो. या शब्दानेच बराच घोटाळा केला; ‘अर्जन्सी’ म्हटल्यावर हातून घाई होणारच! २०२५ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी तो शब्द बाजूला ठेवून केवळ ‘तीव्र उच्च रक्तदाब’ असे साधे नाव स्वीकारले, हे योग्यच झाले.

आपल्या भीतीलाही इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे. १९३९ मध्ये अमेरिकेतील कीथ, वॅगनर व बार्कर यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे नेत्रपटलावरून चार गट पाडले. त्या काळी प्रभावी औषधच नव्हते, आणि चौथ्या गटातील पाचांपैकी सुमारे चार रुग्ण वर्षाच्या आत दगावत. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० नोंदला गेला होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाजवळही त्यावर उपाय नव्हता. अशा असहायतेतून बाहेर पडलेल्या वैद्यकाने, हाती औषध येताच दाब झपाट्याने उतरवण्यात धन्यता मानली, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु समजण्यासारखे म्हणजे योग्य नव्हे.

जिभेखालच्या कॅप्सूलची कहाणी

या घाईचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे निफेडिपीनची कॅप्सूल. तिला सुईने टोचायचे, आतले द्रव रुग्णाच्या जिभेखाली पिळायचे आणि अर्ध्या तासात दाब किती उतरला ते नातेवाइकांना अभिमानाने सांगायचे, हा प्रकार आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने पाहिला आहे. त्यात नाट्य होते, झटपट दिसणारे यश होते, आणि किंमत अगदी कमी होती.

वस्तुस्थिती अशी की हे औषध जिभेखालून नगण्यच शोषले जाते. जो परिणाम दिसतो तो गिळल्या गेलेल्या द्रवाचा. तो किती होईल यावर कोणाचे नियंत्रण नसते. एकाचा दाब वीसने उतरतो, दुसऱ्याचा शंभराने, आणि उतरू लागलेला दाब थांबवण्याचे साधन आपल्या हाती नसते. १९८५ मध्येच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने ही पद्धत सोडून द्यावी असे मत दिले होते. १९९६ मध्ये ग्रॉसमन, मेसेर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जामा’ या नियतकालिकात पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, गर्भाला धोका आणि मृत्यू अशा दुष्परिणामांचा आढावा घेऊन ही प्रथा थांबवावी की काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. त्या लेखानंतर मोठ्या रुग्णालयांतून ती बरीचशी गेली. पण लहान गावांतून, वस्तीतल्या दवाखान्यांतून आणि घरच्या औषधांच्या डब्यातून ती समूळ गेलेली नाही. आज कॅप्सूलची जागा कधी दुसऱ्या एखाद्या गोळीने घेतली आहे, इतकेच. मनातली घाई तीच आहे.

या घाईने इजा का होते, हे वैद्यकेतर वाचकांसाठी सांगितले पाहिजे. आपला मेंदू स्वतःकडे येणारा रक्तप्रवाह स्वतःच सांभाळतो. दाब वाढला की मेंदूतील सूक्ष्म धमन्या आकसतात, दाब घटला की सैल होतात, आणि प्रवाह सारखा राहतो. निरोगी प्रौढात सरासरी दाब साधारण ६० ते १५० असेपर्यंत ही व्यवस्था चालते. ज्याचा दाब वर्षानुवर्षे वाढलेला आहे त्याच्या मेंदूने मात्र हे सारे गणित वरच्या पट्टीत बसवून घेतलेले असते. त्याच्या दृष्टीने १२०/८० हा आकडा आदर्श नव्हे, तो दुष्काळ असतो. टाकी उंचावर असल्याची सवय झालेल्या इमारतीत पाण्याचा दाब एकदम घटवला, तर वरच्या मजल्यावरचे नळ आधी कोरडे पडतात. मेंदूच्या ज्या भागाला रक्त आधीच जेमतेम पोचत असते, तो भाग असाच कोरडा पडतो.

म्हणूनच खऱ्या आणीबाणीतही सरासरी दाब पहिल्या तासात २५ टक्क्यांहून जास्त उतरवायचा नाही, पुढील दोन ते सहा तासांत तो १६०/१०० च्या आसपास आणायचा आणि उरलेली मजल २४ ते ४८ तासांत गाठायची, असा दंडक आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. महाधमनीचे अस्तर चिरत चालले असेल तर वरचा दाब तातडीने १२० च्या खाली आणावा लागतो. गरोदर स्त्रीचा दाब १६०/११० किंवा त्याहून अधिक असेल आणि पंधरा मिनिटांनीही तसाच राहिला, तर अर्ध्या ते एका तासात उपचार सुरू झालाच पाहिजे. तेथे निफेडिपीनलाही मान्यता आहे. मात्र ते गिळायला द्यायचे, जिभेखाली पिळायचे नाही. अपवाद ध्यानात ठेवावेत, पण अपवादांवरून नियम बनवू नये.

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी गोळी नको

या संदर्भात कुटुंबीयांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, शब्द अडखळू लागले. कोणीतरी घरचे यंत्र लावले, दाब २१०/११० दिसला. लगेच डब्यातली गोळी काढून तोंडात टाकली गेली. हेतू चांगला, परिणाम घातक. रक्ताच्या गाठीमुळे झालेल्या पक्षाघातात शरीर दाब मुद्दाम वाढवते, कारण त्या वाढीव दाबावरच मेंदूचा काठावरचा भाग तगून असतो. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन द्यायचे नसेल, तर अशा रुग्णाचा दाब २२०/१२० पर्यंत सहन करावा असे शास्त्र सांगते. ते इंजेक्शन द्यायचे असेल तर तो १८५/११० च्या खाली आणावा लागतो. आणि रक्तस्राव झाला असेल तर हिशेब आणखी निराळा. गाठ की रक्तस्राव, हे सीटी स्कॅन केल्याशिवाय घरात कोणालाच, अगदी डॉक्टरलाही, ठरवता येत नाही. तेव्हा घरी गोळी देणे म्हणजे अंधारात बाण मारणे. त्या वेळात करायचे काम एकच. लक्षणे नक्की किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पोचावे. ते इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यायचे असते.

मुलांचा विसर पडलेला दाब

आता माझ्या प्रांतात येतो. काही वर्षांपूर्वी निमाडातून एका आठ वर्षांच्या मुलाला येथे आणण्यात आले. दोन दिवसांत त्याला तीन वेळा झटके आले होते. वाटेतल्या रुग्णालयात त्याचे सीटी स्कॅन झाले होते, अपस्माराचे औषध सुरू झाले होते, आणि ‘मिरगी आहे, तीन वर्षे गोळ्या चालतील’ असे आईवडिलांना सांगून झाले होते. कागदांच्या त्या जाड पुडक्यात नाडी होती, ताप होता, ऑक्सिजन होता. रक्तदाब मात्र कोठेही नव्हता. मुलाच्या डोळ्यांभोवती सूज होती, नडग्यांवर खरजेतून पिकलेल्या फोडांचे वण होते, आणि आईने आपणहून सांगितले की लघवी चहासारखी होते आहे. दाब मोजला तो १६०/११०. अपस्मार नव्हताच. त्वचेतील स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर येणारी ती मूत्रपिंडाची सूज होती, आणि वाढलेल्या दाबाने मेंदू गांगरला होता. दाब बेताबेताने उतरवला, लघवी वाढवण्याचे औषध दिले, मीठ व पाणी मोजून दिले. आठवड्याने मूल खेळत घरी गेले, अपस्माराच्या गोळ्यांशिवाय.

हा आजार आपल्या भागात दुर्मिळ नाही. घसा दुखल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी, किंवा त्वचेवरच्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी तो डोके वर काढतो. दाटीवाटीच्या वस्तीत, जेथे खरूज घरभर फिरते, तेथे तो अधिक. त्यात मेंदूच्या मागच्या भागाला येणाऱ्या सुजेचे वर्णन १९९६ मध्ये हिंची व सहकाऱ्यांनी केले, आणि आज ती ‘प्रेस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. डोकेदुखी, उलट्या, झटके, काही काळ दिसेनासे होणे ही तिची लक्षणे. वेळीच दाब ओळखला तर ती बहुधा पूर्णपणे परत फिरते. वेळीच ओळखला नाही तर मूल दगावू शकते किंवा कायमचे अधू होऊ शकते. सीटी स्कॅनमध्ये ती दिसेलच असे नाही. दंडाभोवतीच्या पट्ट्याला मात्र वाढलेला दाब लगेच कळतो.

मुलांतील अतिउच्च रक्तदाबाची कारणे प्रौढांहून वेगळी असतात. त्यामागे बहुतेक वेळा कोणता तरी दुसरा आजार लपलेला असतो, आणि तो अनेकदा बरा होण्याजोगा असतो. मूत्रपिंडाचे विकार यात सर्वांत पुढे. महाधमनीचा जन्मजात अरुंदपणा हा दुसरा. नवजात बाळाच्या जांघेतील नाडी बोटांनी चाचपली तर त्याचा सुगावा लागतो, त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. तिसरा तो ताकायासूचा आजार. १९०८ मध्ये जपानच्या एका नेत्रतज्ज्ञाने त्याचे वर्णन केले, आणि आपल्या देशातील मुलांत मूत्रपिंडाची धमनी आकसण्याचे ते एक मोठे कारण आहे. यात हाताची धमनीच आकसलेली असेल तर त्या हातात दाब कमी दिसतो आणि डॉक्टर निश्चिंत होतो. म्हणून अशा मुलाचा दाब दोन्ही हातांत व दोन्ही पायांत मोजायचा.

आकड्यांचा अर्थही मुलांत निराळा असतो. पाच वर्षांच्या, सर्वसाधारण उंचीच्या मुलात वरच्या दाबाची ९५व्या शतमानाची मर्यादा ११० च्या जवळपास असते. प्रौढात ज्याकडे आपण शांतपणे पाहू असा १४०/९५ हा आकडा त्या मुलात त्या मर्यादेच्या तब्बल तीसने वर असतो, आणि तेवढ्यावर तातडीची तपासणी सुरू व्हायला हवी. केवळ प्रौढांचे आकडे डोक्यात असलेल्या डॉक्टरला येथे धोक्याची घंटा ऐकूच येत नाही.

पट्ट्याविषयी पुन्हा सांगतो. त्यातील फुग्याची रुंदी दंडाच्या मध्यावरच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी, आणि लांबी घेराच्या ८० ते १०० टक्के भागाला वेढणारी. मोठ्यांचा पट्टा लहानग्याला लावला तर दाब कमी दिसतो आणि आजार निसटतो; लहान पट्टा स्थूल मुलाला लावला तर दाब खोटाच वाढतो आणि निरोगी मूल रुग्ण ठरते. दाब उजव्या हातात, मूल शांत असताना मोजावा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत आईची मांडी आणि थोडा धीर ही मोजमापाची आवश्यक साधनेच समजावीत.

घाई न करण्याचा धडा मुलांनीही दिला आहे

काही सहकारी म्हणतील, मुलांच्या रक्तवाहिन्या लवचीक असतात, त्यांचा दाब झटकन उतरवला तर काय बिघडते? याचे उत्तर १९९२ मध्येच मिळाले आहे. लंडनच्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीट येथील डील, बॅरट व डिलन यांनी अतिउच्च रक्तदाबाच्या ११० मुलांचा आढावा प्रसिद्ध केला. ज्यांना एकदम औषधाचे इंजेक्शन देऊन दाब पाडला गेला, त्यांच्यापैकी २३ टक्के मुलांत मज्जासंस्थेची इजा झाली. ज्यांचा दाब लेबेटॅलॉल किंवा नायट्रोप्रुसाइड सावकाश थेंबाथेंबाने देऊन उतरवला, त्यांच्यात हे प्रमाण ४ टक्के होते. अशा इजेत दृष्टी जाणे हा सर्वांत हृदयद्रावक प्रकार. दाब उत्तम उतरलेला आणि मूल आंधळे, असे चित्र कोणत्याही डॉक्टरच्या वाट्याला येऊ नये.

आज सर्वमान्य असलेला नियम या अनुभवातूनच आला आहे. मुलाचा दाब जेवढा कमी करायचा आहे, त्याचा चौथा भागच पहिल्या सहा ते आठ तासांत कमी करावा. समजा वरचा दाब १७० आहे व तो ११० पर्यंत आणायचा आहे. म्हणजे एकूण ६० कमी करायचे. पहिल्या आठ तासांतली घट १५ च्या आसपास पुरे. बाकीचे काम पुढील दिवसभरात किंवा दोन दिवसांत. शिरेत दोन सुया असाव्यात, म्हणजे दाब भलताच घसरला तर दुसरीतून सलाइन देऊन तो सावरता येतो. दम्याच्या मुलाला लेबेटॅलॉल टाळावे. झटके चालू असतील तर ते थांबवणारे औषध अर्थातच सोबत द्यावे. यात काहीही महागडे नाही. लागते ते एक सिरिंज पंप आणि एका परिचारिकेचे अखंड लक्ष.

हरकती आणि त्यांची उत्तरे

माझ्या या मतावर काही रास्त हरकती घेतल्या जातील, त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिली हरकत कायद्याची. २००/११० दाबाच्या माणसाला आपण घरी पाठवले आणि रात्री त्याला पक्षाघात झाला तर? १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षणाच्या कक्षेत आली आहे, आणि ही धास्ती खोटी नाही. माझे उत्तर असे की, घरी पाठवणे म्हणजे सोडून देणे नव्हे. अवयवांना इजा आहे का हे तपासून तसे लिहावे. अर्धा तास शांत बसवून दाब पुन्हा मोजावा. वेदना, भीती किंवा तुंबलेले मूत्राशय यांमुळे दाब वाढला असेल तर तो उपचार आधी करावा; तुंबलेल्या मूत्राशयात नळी घातल्यावर दाब आपोआप उतरतो. चुकलेल्या गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात आणि काही दिवसांतच परत बोलवावे. हे सारे कागदावर असेल तर ते कोणत्याही न्यायासनासमोर मांडता येईल. शिवाय पुरावाही याच बाजूचा आहे. २०१६ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने ५८ हजारांहून अधिक अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात पाठवलेल्या व घरी पाठवलेल्या तुल्य रुग्णांमध्ये सहा महिन्यांतील हृदय व मेंदूच्या गंभीर घटनांत फरक आढळला नाही. २०२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही लक्षणे नसलेल्या रुग्णाचा दाब रुग्णालयात घाईने उतरवण्याविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला.

दुसरी हरकत नातेवाइकांच्या दबावाची. ‘डॉक्टर, काहीच केले नाही’ असे ते म्हणतात. येथे आपल्याला बोलण्याचे औषध द्यावे लागते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेच सर्वांत दुर्मिळ असते. पण पाच मिनिटांचे ते बोलणे कॅप्सूलपेक्षा सुरक्षित आहे.

तिसरी हरकत माझ्याच शाखेतून येते. प्रत्येक निरोगी मुलाचा दाब दरवर्षी मोजून खरोखर लाभ होतो का? अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१७ मध्ये वयाच्या तीन वर्षांपासून दरवर्षी मोजावा असे सांगितले. तेथल्याच प्रतिबंधक सेवांच्या कार्यदलाने २०२० मध्ये त्यासाठी पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. हा वाद प्रामाणिक आहे आणि तो चालू राहावा. परंतु तो वाद निरोगी मुलांविषयी आहे. झटके आलेल्या, सुजलेल्या, तीव्र डोकेदुखीने कण्हणाऱ्या मुलाचा दाब मोजावा की नाही, याविषयी जगात कोठेही वाद नाही. तरीही तो मोजला जात नाही, हेच माझे दुःख आहे.

आपल्याला काय करता येईल

आपली संस्था दरवर्षी आरोग्य शिबिरे भरवते. आजी-आजोबांचा दाब तपासण्यासाठी रांगा लागतात आणि सोबत आलेली नातवंडे खुर्च्यांभोवती पळत असतात. या शिबिरांत मुलांच्या मापाचे पट्टेही ठेवावेत. शिबिरात कोणाचा दाब फार वाढलेला आढळला तर तेथेच गोळी न देता, लक्षणे विचारून, पुन्हा मोजून, चिठ्ठीसह त्याला त्याच्या डॉक्टरकडे पाठवावे.

सभासदांच्या रुग्णालयांसाठी माझ्या चार सूचना आहेत. तातडीच्या विभागात नवजातापासून स्थूल प्रौढापर्यंतच्या मापांचे पट्टे भिंतीवर टांगलेले असावेत, कुलूपबंद कपाटात नकोत. पाऱ्याची यंत्रे पर्यावरणासाठी निवृत्त झाली, त्यांच्या जागी आलेल्या यंत्रांची अचूकता ठरावीक काळाने तपासून घ्यावी. झटके, बेशुद्धी, तीव्र डोकेदुखी, अचानक दृष्टिदोष, अंगावर सूज, चहाच्या रंगाची लघवी, धाप किंवा चेहऱ्याच्या एका बाजूचा लुळेपणा घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाचा दाब सीटी स्कॅनच्या आधी मोजला जावा. आणि निफेडिपीनच्या कॅप्सूलला टोचण्याची सुई कायमची बाजूला ठेवावी. तसा लेखी नियमच परिचारिकांच्या टेबलावर असावा.

समाजबांधवांना सांगायचे ते असे. अतिउच्च रक्तदाबाची बरीचशी आणीबाणी औषधे मध्येच सोडल्याने ओढवते. दाब ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी बंद करणे म्हणजे छत गळत नाही म्हणून कौले काढणे होय. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत आपला मध्य प्रदेश होता. ज्यांना खाजगी औषधे परवडत नाहीत अशा आपल्या घरच्या मदतनिसांना, वाहनचालकांना सरकारी आरोग्य केंद्राची वाट आपण दाखवू शकतो. आणि मिठाविषयी आपण इंदूरकरांनी तरी मौन बाळगू नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पोह्यांवर शेव, भाजीवर शेव आणि मुलाच्या डब्यातही शेव, ही आपल्या शहराची लाडकी रीत आहे. ती अजिबात सोडा असे म्हणण्याइतका मी अरसिक नाही. पण रोजच्या डब्यातून ती सणावाराच्या ताटात जावी, एवढे मागणे मागतो.

रक्तदाब मोजायला दोन मिनिटे लागतात, आणि तो आकडा समजून घ्यायला आणखी पाच. या सात मिनिटांत एखाद्या आजोबांचा मेंदू वाचू शकतो आणि एखाद्या बालकाची दृष्टीही. पुढील वर्षाच्या स्मरणिकेपर्यंत आपल्या सभासदांच्या प्रत्येक रुग्णालयात लहान मुलांचा पट्टा भिंतीवर टांगला गेला, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.